सांगलीत हर्मिट क्रॅबची पिल्लं का होत नाहीत?

गणपतीपुळ्याची ट्रिप उरकून सांगली-साताऱ्याकडं निघालेल्या गाडीत कोकम सरबताच्या बाटल्या असतात, आणि कधीकधी पाण्याच्या बाटलीत कोंबलेला एक खेकडाही. पाठीवर शंख घेऊन फिरणारा. हाच हर्मिट क्रॅब. पोरं खूश होतात आणि मग डोक्यात येतं, जोडी पाळली तर पिल्लं होतील की!

जमिनीवर राहणाऱ्या जातीची मादी टाकीत अंडी धरूही शकते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो गोगलगाईच्या रिकाम्या शंखात घर करतो. तो जमिनीवर राहणारा असला तरी त्याचं बालपण मात्र समुद्रात जातं. मादी हजारो अंडी पोटाशी सांभाळते आणि वेळ झाली की पाण्याच्या कडेला येऊन सोडते. अंड्यातून बाहेर पडतं ते खेकड्यासारखं दिसतच नाही. ती असते पाण्यात तरंगणारी, टिचभरसुद्धा नसलेली अळी, झोइया. ती अनेकदा कात टाकते, मग मेगालोपा होते, तांदळाच्या कणीएवढा शंख शोधते आणि त्यानंतर जमिनीवर चढते. या सगळ्याला साधारण दोन महिने जातात.

हे माणसाला जमलंच नाही असं नाही. १९६२ मध्ये अँथनी प्रोव्हेन्झानो यांनी कॅरिबियन जातीच्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या अवस्था नोंदवल्या. २००१ मध्ये ब्रोडी आणि हार्वी यांनी पॅसिफिककडच्या जातीवर तसंच काम केलं. पण त्यासाठी लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम क्षार असलेलं पाणी लागतं, सतत उबदार. खायला रोज नुकतीच उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातली बारीक जिवंत पिल्लं. पाणी जरा खराब झालं की अख्खी बॅच खलास, आणि वाचलेल्या अळ्या भूक लागली तर एकमेकींनाच खातात. नळाच्या पाण्यात स्वयंपाकाचं मीठ ढवळून समुद्र तयार होत नाही.

त्यामुळं दुकानात 'पिल्लू' म्हणून मिळणारा छोटा हर्मिट क्रॅब बहुतेक वेळा किनाऱ्यावरून पकडलेलाच असतो.

गंमत म्हणजे शिराळा-पाटणच्या ओढ्यातल्या खेकड्याला यातलं काहीच लागत नाही. गोड्या पाण्यातला हा खेकडा मोजकीच, पण मोठी अंडी घालतो. अळीची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर येतो तो थेट इवलासा खेकडा, आठ पायांचा, नांग्यांसकट. मादीच्या पोटाखालची झडप उघडली तर पिल्लांचा गुच्छ दिसतो. काही दिवस ती तिथंच चिकटून राहतात. वाहत्या ओढ्यात तरंगणाऱ्या अळ्या सोडल्या असत्या, तर पहिल्याच पुरात त्या कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराकडं निघाल्या असत्या.

आणि बाटलीतून आलेला तो? ओहोटीच्या डबक्यात सापडलेला असेल तर तो बहुधा समुद्रातच राहणारा. गोड्या पाण्यात तो फार टिकत नाही, आणि दया येऊन कृष्णेत सोडला तरी तेच होतं. जमिनीवरचा असेल, तर त्याला दमट हवा, खोल ओली वाळू, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या दोन उथळ वाट्या आणि बदलायला थोडे मोठे रिकामे शंख लागतात. वाळूत गाडून घेऊन आठवडेच्या आठवडे बाहेर आला नाही, तर मेला म्हणून उकरू नये. तो कात टाकत असतो.