रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झाले काय?

२०१७ च्या ऑगस्टात खारघरलगतच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यातील रंगामुळे कुत्री निळी झालेली आढळली व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करविला. रंगमिश्रित सांडपाण्यावर उपाय म्हणून सुचविले जाणारे नॅनोपदार्थ (मीटरच्या अब्जांशांत मोजल्या जाणाऱ्या कणांचे पदार्थ) रंग गिळून नाहीसा करतात, हा समज रूढ असला, तरी वस्तुस्थिती निराळी आहे. त्यांचे सामर्थ्य पृष्ठभागात असते: एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ अवघे ६ चौरस सेंटिमीटर, तोच घन १० नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागल्यास ते ६०० चौरस मीटर भरते. या पृष्ठभागावर रंगाचे रेणू चिकटून राहतात, यास अधिशोषण म्हणतात. पंख्याच्या पात्यांवर बसलेली धूळ हवेतून गेली तरी घरातच असते, तद्वत रंग पाण्यातून निघून कणांवर राहतो, आणि ते कण गाळून त्यांची रीतसर विल्हेवाट लावणे ओघानेच येते. टिटॅनियम डायऑक्साइड हा नॅनोपदार्थ मात्र अतिनील प्रकाशात रंगाचे रेणू प्रत्यक्ष तोडतो. तथापि रंग मावळल्यावरही अर्धवट तुटलेले, क्वचित अधिक विषारी अवशेष उरू शकतात. सबब, शुद्धतेचा निवाडा डोळ्यांवर न सोपविता प्रयोगशाळेतील तपासणीवर सोपविणे इष्ट.