मोटर जळते, तेव्हा व्होल्टेज कुठे हरवते?

कराडला कृष्णा-कोयनेचा संगम आहे. दोन्ही नद्यांच्या काठाने ऊस आणि उसाला पाणी उपसणारे पंप. कोयनेच्या पाण्यावर १९६० मेगावॉटचा वीजप्रकल्प चालतो, तरी नदीकाठी ‘व्होल्टेजच नाही’ ही तक्रार काही संपत नाही. मोटर जळाली की दोष वरून येणाऱ्या विजेला दिला जातो. बऱ्याचदा तो खाली जोडलेल्या पंपांचाच असतो.

शेतीपंपाची थ्री-फेज मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एकच पंप असेल तर हा काही सेकंदांचा झटका. पण अनेक शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतात. रात्रपाळीची वीज आली म्हणून बिबट्याच्या भीतीत उसात कोण जाणार? सोय खरी, मात्र वीज येताच एका डीपीवरचे सगळे पंप एकदम उठतात आणि व्होल्टेज कोसळते. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की जोर ६४ टक्केच उरतो. अडखळलेली मोटर मग जास्तच करंट खेचत राहते आणि वायंडिंग तापते.

दोष नेमका कुठे, हे मोजल्याशिवाय कळत नाही. जाणकार वायरमन डीपीवर आणि स्टार्टरवर, पंप बंद असताना आणि चालू असताना, तिन्ही फेजचे व्होल्टेज घेतो. पंप चालू असताना डीपीवर ४०० आणि स्टार्टरवर ३५० व्होल्ट भरले, तर ५० व्होल्ट वाटेतल्या लांब, बारीक किंवा सैल सांध्यांच्या वायरीने खाल्ले. डीपीवरच ३५० असतील, तर भार जास्त आहे किंवा वरची लाइन कमजोर. तिन्ही फेजमधला फरकही पाहावा लागतो. असमतोल ३ टक्के असला तरी मोटरची तापमानवाढ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते.

मात्र दुपारी घेतलेले आकडे रात्री दोनची गोष्ट सांगत नाहीत. त्यासाठी नोंद ठेवणारे यंत्र आठवडाभर लावतात. त्यातही गंमत आहे. ही यंत्रे सहसा दहा मिनिटांची सरासरी दाखवतात. पंप एकदम उठतानाची काही सेकंदांची घसरण त्या सरासरीत विरून जाते. ती वेगळी टिपायला सांगावे लागते.

उपाय फार खर्चिक नाहीत. मोटरला चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा करंट लांबून आणण्याऐवजी कपॅसिटर जागेवरच पुरवतो. त्यामुळे वायरीतला करंट उतरतो आणि व्होल्टेज सावरते. ५ एचपीच्या पंपाला साधारण २ केव्हीएआरचा कपॅसिटर पुरतो. उगाच मोठा लावू नये. ऑटोस्विच काढवत नसेल, तर त्याला उशिराने सुरू करणारा टायमर जोडता येतो. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या वेळा वेगळ्या ठरवल्या, एकाची दोन मिनिटांनी, दुसऱ्याची चार मिनिटांनी, की पंप एकामागून एक उठतात.