कचऱ्यावरची शाळा

धारावी बस आगारासमोर, शीव-वांद्रे जोडरस्त्याला लागून एक फाटक आहे. आत गेल्यावर चार पावलांत रस्त्याचा गोंगाट मागे पडतो. पायाखालची वाट मऊ, वर झाडांची दाट सावली. ही जमीन मुळात मुंबईचे उकिरडे साठवण्याची जागा होती, हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्र निसर्ग उद्यान सुमारे 37 एकरांवर पसरले आहे. इथे कचरा टाकणे 1977च्या सुमारास थांबले. मिठी नदीच्या काठच्या या ढिगाऱ्यावर झाडे लावण्याची कल्पना तेव्हा अनेकांना वेडेपणाची वाटली असणार. 1983 मध्ये ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी इथे रोप लावले आणि 22 एप्रिल 1994 रोजी, वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले.

कचरा मातीने झाकला म्हणून काम संपत नाही. आत तो हवेविना कुजत राहतो, त्यातून मिथेन वायू सुटतो. मिथेन मातीतल्या पोकळ्यांमधला प्राणवायू हुसकावतो आणि मुळे गुदमरतात. शिवाय ढीग वर्षानुवर्षे खचत असतो. त्यामुळे अशा जागी आधी चिवट, पटकन वाढणारी झाडे तगतात. त्यांचा पाचोळा कुजतो, बुरशी आणि गांडुळे येतात, मातीचा थर तयार होतो आणि मग नाजूक झाडांनाही आधार मिळतो. पाचोळा झाडून जाळण्याची आपल्याकडची सवय इथे परवडली नसती.

उद्यानातले निसर्ग शिक्षण केंद्र हीच गोष्ट शाळकरी मुलांना दाखवते. गांडूळखत, रोपवाटिका, औषधी वनस्पती आणि पावसाचे साठवलेले पाणी, सगळे एका फेरीत पाहता येते. फुलपाखरे आणि पक्षी पाहायला हौशी मंडळी सकाळीच येतात. पुस्तकातले ‘विघटन’ हे रुक्ष प्रकरण इथे हातात घेऊन पाहता येते, वासासकट.

शेजारच्या वस्तीसाठी या झाडांचे मोल वेगळे आहे. धारावीत दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा माणसे राहतात, वर पत्रा तापतो. झाडे पानांवाटे पाणी बाष्परूपाने सोडतात, त्या बाष्पीभवनात उष्णता खर्ची पडते आणि सावलीतली हवा थंड राहते. उन्हाळ्यात रक्तदाबाच्या रुग्णाला किंवा तान्ह्या बाळाला असा गारवा पंख्याच्या गरम वाऱ्यापेक्षा अधिक मानवतो. अर्थात 37 एकर सगळ्या धारावीला थंड करू शकत नाहीत. परिणाम जवळपासच अधिक जाणवतो. फाटकावर नाममात्र का होईना, तिकीट आहे. धारावीत राहणाऱ्यांपैकी किती जण ते काढून आत येत असतील, हा प्रश्न उरतोच.

नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती दिसतात. एवढ्या महाग जमिनीशेजारी झाडे राखणे सोपे नाही. धारावी पुनर्विकासात उद्यान गिळले जाईल की काय, या भीतीने प्रकरण उच्च न्यायालयात गेले. उद्यान प्रकल्पाचा भाग नाही, असे 2023 मध्ये तिथे सांगण्यात आले. पर्यावरणप्रेमींनी मात्र नकाशांवरची नजर अजून हटवलेली नाही.