खोलावे काय, खोलू नये काय

घरातले बंद पडलेले विजेचे उपकरण खोलून त्यातले कामाचे भाग काढून घेणे सोपे दिसते. पेच सैल करायला पेचकस पुरतो. कठीण असते ते आत काय शिल्लक आहे हे ओळखणे. प्लग काढल्यावरही काही भागांत वीज साठून राहते, काही नळ्यांत वायू कोंडलेला असतो, तर काही काचांत, भुकट्यांत आणि तेलांत विष असते. म्हणून जाणत्या मिस्त्रीची खरी परीक्षा तो किती उपकरणे खोलतो यावर होत नाही. कोणते उपकरण तो हात न लावता बाजूला ठेवतो, यावर होते.

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले तेरखेडा हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. दिवाळीच्या साफसफाईत इतर गावांप्रमाणे इथेही माळ्यावरचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या आणि टीव्ही अंगणात येतात आणि तिथून भंगारवाल्याकडे जातात. मात्र दारूकाम चालणाऱ्या गावात विजेच्या जुन्या सामानाचा आणखी एक धोका असतो, तो ठिणगीचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे. आधी प्रत्येक घराला लागू असलेल्या गोष्टी.

पहिले काम वीज पूर्ण तोडण्याचे. भिंतीवरच्या बटणावर भरवसा ठेवू नये, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण पुष्कळदा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते आणि ते बंद केले तरी उपकरणात फेज येतच राहतो. प्लग काढावा, छताचा पंखा असेल तर मेन स्विच पाडावा आणि टेस्टरने खात्री करावी. टेस्टरही आधी चालू सॉकेटमध्ये तपासून घ्यावा. पायात कोरडी रबरी चप्पल, डोळ्यांवर चष्मा, बोटातली अंगठी काढलेली आणि मुले दूर, एवढी तयारी झाल्यावरच पेचकस उचलावा.

त्यानंतर कपॅसिटर, म्हणजे गावच्या मिस्त्रीचा कंडेन्सर. टीव्ही, संगणक आणि चार्जर यांच्या पॉवर सप्लायमध्ये 230 व्होल्टच्या विजेचे रूपांतर सुमारे 325 व्होल्टच्या डीसीमध्ये होते आणि ती एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. तो 100 मायक्रोफॅरॅडचा असेल तर त्यात पाच ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. हात जोरात झटकला जाऊन शेजारच्या पत्र्यावर कापायला एवढी पुरेशी आहे. पेचकस आडवा टाकून तो 'शॉर्ट' करण्याची रीत चुकीची आहे, कारण त्याने ठिणगी उडते, टोके वितळतात आणि कपॅसिटरही बिघडतो. दोन्ही टोकांना होल्डरसह साठ किंवा शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडावा. साठलेली वीज क्षणात उतरते. मग मल्टिमीटरवर शून्य दिसले की हात घालावा.

सर्वांत जास्त परतावा देणारे आणि सर्वांत कमी धोक्याचे उपकरण म्हणजे छताचा पंखा. शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. खाली उतरवताना रॉडमधली पिन आधी पाहून घ्यावी. ती गंजलेली असते आणि एकदम सुटली तर सगळा भार हातावर येतो. तिन्ही पाती एकत्र बांधून ठेवावीत. कारखान्यात ती वजनाने जुळवलेली असतात, वेगवेगळ्या पंख्यांची पाती एकत्र लावली की पंखा डोलतो. छताच्या पंख्यात बाहेरचे कवच फिरते आणि आतले वाइंडिंग स्थिर असते. कवच उघडल्यावर दोन्ही बाजूंना बेअरिंग मिळतात. बोटावर घेऊन फिरवल्यावर बेअरिंग खरखरली नाही, तर धुऊन ग्रीस भरल्यावर ती अनेक वर्षे चालते.

पंख्याचा कपॅसिटर साधारण अडीच मायक्रोफॅरॅडचा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची क्षमता उतरते आणि पंखा रेंगाळतो. पुष्कळ पंखे केवळ एवढ्या कारणावरून 'जुने झाले' म्हणून भंगारात जातात, हे खेदाचे आहे. मोजल्याशिवाय जुना कपॅसिटर दुसऱ्या पंख्याला लावू नये, आणि फुगलेला किंवा तेल गळणारा तर ठेवूच नये. वाइंडिंग तांब्याचे समजून घरी आणलेले पुष्कळदा ॲल्युमिनियमचे निघते, कारण वरचा इनॅमलचा थर दोन्हींना सारखाच तांबूस रंग देतो. ब्लेडने तार किंचित खरवडावी; आत पांढरी चमक दिसली तर ते ॲल्युमिनियम.

मिक्सरला मराठी स्वयंपाकघरात जी जागा मिळाली, तिच्यामागे एका बंद पडलेल्या यंत्राचीच गोष्ट आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेले सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा ब्राउन कंपनीचा मिक्सर बंद पडला. परदेशी स्वयंपाकासाठी बनवलेली ती मोटार आपल्या वाटणाघाटणाला पुरणारी नव्हती. पत्नी माधुरी माथुर यांनी तुम्हीच एखादा चांगला बनवा असे सुचवले आणि त्यातून जास्त ताकदीच्या मोटारीचा 'सुमीत' मिक्सर जन्माला आला. यंत्र उघडून ते का हरले हे पाहण्यातून एक उद्योग उभा राहिला. सुटे भाग काढण्याच्या कामाकडे कमीपणाने पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मिक्सरची मोटार पंख्याहून निराळी असते. तिच्यात फिरणारे आर्मेचर, त्याभोवती फील्ड कॉइल आणि कम्युटेटरवर घासणारे दोन कार्बन ब्रश असतात. बिघाड बहुधा झिजलेल्या ब्रशांत, तुटलेल्या कपलरमध्ये किंवा तळाच्या लाल ओव्हरलोड बटणात असतो आणि हे तिन्ही भाग स्वस्तात बदलता येतात. जळका वास येत असेल आणि आर्मेचर काळे पडले असेल, तर त्यात पैसे घालू नयेत. स्विच, ओव्हरलोड, रबरी पाय, झाकणे आणि चांगली भांडी काढून ठेवावीत. उघडी मोटार रिकामी चालवून पाहण्याचा मोह मात्र टाळावा. भार नसताना ती मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांच्या घरात जाते. हातात धरलेली असेल तर निसटते आणि सैल भाग गोळीसारखा उडतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याने घरोघर कूलर आणले आणि कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजने स्टॅबिलायझर आणले. कूलरमधला पाण्याचा छोटा पंप खोलण्यासारखा नसतो. त्याचे वाइंडिंग रेझिनमध्ये बंद असते आणि वायरीला चीर गेली की टाकीतल्या पाण्यात वीज उतरते. असा पंप चिकटपट्टी लावून पुन्हा वापरणे म्हणजे थेट मृत्यूला बोलावणे आहे. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर धोका दुप्पट. पंख्याची मोटार, जाळ्या आणि फ्लोट व्हॉल्व्ह मात्र खुशाल काढावेत. स्टॅबिलायझरमधला ट्रान्सफॉर्मर आणि रिले हे रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या कामाचे असतात.

इस्त्री, गिझर आणि शेगडी यांतून थर्मोस्टॅट, अभ्रकाचे तुकडे, पितळी टर्मिनल आणि केबल मिळतात. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जुना घेऊन नव्या टाकीला लावू नये. फार जुन्या इस्त्रीत किंवा शेगडीत राखाडी-पांढरा तंतुमय थर आढळला, तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो खरवडू नये, कारण त्याचे तंतू फुप्फुसात कायमचे राहतात. उपकरण ओल्या फडक्यात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावे.

इथपर्यंतची उपकरणे काळजी घेऊन खोलावीत अशी. पुढची बहुतेक न खोलावीत अशी.

फ्रिजच्या बाहेरून सुटणारे भाग, म्हणजे शेल्फ, भाजीचा ड्रॉवर, दाराची चुंबकी रबर पट्टी, थर्मोस्टॅट आणि कॉम्प्रेसरला चिकटलेले रिले व ओव्हरलोड, काढून घ्यायला हरकत नाही. कॉम्प्रेसर आणि त्याला जोडलेल्या नळ्यांना मात्र करवत लावू नये. जुन्या फ्रिजमध्ये आर-12 हा वायू असे. तो ओझोनचा थर विरळ करतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारानुसार त्याला आवर घातला गेला आणि भारताने 2010 पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर संपवला. भंगारात येणाऱ्या जुन्या फ्रिजच्या पोटात तो अजूनही असू शकतो. नळी कापली की तो हवेत जातो. तिथे गॅसची ज्योत लावली तर त्यापासून तीव्र आम्लाच्या वाफा निघतात. पुढच्या पिढीतला आर-134ए पेटत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त ताकदीचा आहे. आजच्या फ्रिजांतला आर-600ए म्हणजे आयसोब्यूटेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद. हवेत दोन टक्क्यांहून कमी मिसळला तरी तो पेट घेतो. कॉम्प्रेसरवरचे लेबल वाचल्याशिवाय फ्रिजमागे विडीही पेटवू नये. वायू काढून घेण्याचे काम पंप आणि टाकी असलेल्या प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच.

फ्रिजची आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. अंगणात टाकलेल्या जुन्या, खटक्याच्या दाराच्या फ्रिजमध्ये खेळता खेळता मूल शिरले आणि दार लागले तर ते आतून उघडत नाही. अशा मृत्यूंमुळे अमेरिकेने 1956 मध्ये खास कायदा करून आतून उघडणारी दारे सक्तीची केली. फ्रिज घराबाहेर काढताच त्याचे दार बिजागरीपासून सोडवावे.

जाड पिक्चर ट्यूबचे टीव्ही आता माळ्यावर उरले आहेत. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले आणि रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आले. त्यानंतर घरोघर पोहोचलेल्या या टीव्हींची काचेची नळी आतून निर्वात असते. तिची मान फुटली तर बाहेरच्या हवेचा दाब काच आत ढकलतो आणि तुकडे उसळतात. रंगीत संचात नळीला वीस हजार व्होल्टच्या वर दाब दिलेला असतो आणि संच बंद केल्यावरही नळी तो बराच काळ धरून ठेवते. काचेत शिसे आहे, पडद्याच्या आतल्या लेपात विषारी भुकटी आहे. स्पीकर आणि केबलच्या लोभाने असा संच उघडणे सौद्यात बसत नाही.

मायक्रोवेव्हबद्दल तर एकच सल्ला: झाकण उघडू नये. त्यातला ट्रान्सफॉर्मर सुमारे दोन हजार व्होल्ट देतो आणि तेही माणसाला जागच्या जागी मारण्याइतक्या प्रवाहासह. कपॅसिटरमध्ये वीज उतरवणारा रोधक बसवलेला असतो, पण तोच निकामी झालेला असू शकतो. मॅग्नेट्रॉनच्या काही जुन्या नमुन्यांत बेरिलियम ऑक्साइडची चिनीमाती वापरलेली आहे. फुटल्यावर तिची धूळ फुप्फुसाचा जीवघेणा आजार देते. हा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी काढण्याच्या हौसेत अमेरिकेत अनेकांनी प्राण गमावले आहेत. समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंत हे दिसत नाही.

सीएफएल दिव्यात थोडा पारा असतो. तो फुटला तर खोली उघडी ठेवून बाहेर पडावे आणि नंतर काचा झाडूऐवजी पुठ्ठ्याने गोळा कराव्यात. मोबाइलची किंवा ट्रिमरची फुगलेली लिथियम बॅटरी टोचू नये, दाबू नये. वाळूच्या डब्यात ठेवून पुढे द्यावी.

वायर जाळून तांबे काढण्याच्या प्रथेविरुद्ध कितीही बोलले तरी कमीच आहे. वरचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिन बाहेर पडतात. डायॉक्सिन मातीत आणि जनावरांच्या चरबीत उतरून दुधावाटे घरात परत येते. शिवाय जळलेल्या तांब्याला भाव कमी मिळतो. ब्लेडने वायर सोलायला वेळ लागतो, पण माल स्वच्छ राहतो.

तेरखेड्यात हे काम करताना ठिणगीचा विचार सर्वांत आधी यायला हवा. मिक्सरच्या मोटारीत ब्रश आणि कम्युटेटर यांच्यामध्ये चालू असताना सतत निळसर ठिणग्या उडतात. म्हणून भंगारातला मिक्सर किंवा त्याची मोटार दारूचे मिश्रण, ॲल्युमिनियमची भुकटी किंवा गंधक यांच्याजवळ कधीही चालवू नये, रसायन दळायला तर मुळीच वापरू नये. फटाक्यांच्या उत्पादनाला 2008 चे स्फोटक नियम लागू आहेत, आणि परवान्याच्या शेडमध्ये घरगुती जुगाडाला जागा नाही. पंख्याच्या मोटारीत ब्रश नसतात, तरीही तिचे स्विच आणि सैल जोड ठिणगी टाकतातच. ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग, वायर जाळणे आणि कपॅसिटर उतरवणे ही सगळी कामे शेडपासून आणि साठवणीच्या खोलीपासून लांब व्हायला हवीत. भंगाराची गाडी कारखान्याच्या फाटकाशी उभी करण्याची सवयही मोडली पाहिजे.

कायद्याचा भागही थोडक्यात सांगायला हवा. ई-कचऱ्याचे पहिले नियम 2011 मध्ये निघाले आणि मे 2012 पासून लागू झाले. सध्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून अमलात आहेत आणि त्यांच्या यादीत 106 प्रकारची उपकरणे आहेत. स्वतःचा पंखा खोलून बेअरिंग काढणाऱ्याला कोणी अडवत नाही. पण लोकांचा ई-कचरा गोळा करून तो फोडण्याचा धंदा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्यांनीच करायचा आहे, आणि जुना माल योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी 2022 चेच वेगळे नियम आहेत. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराकडे जमा करून तिची किंमत वजा करून घ्यावी.

या दिवाळीत माळा आवरताना पंखा, मिक्सर आणि इस्त्री एका बाजूला ठेवावीत. फ्रिज, टीव्ही आणि मायक्रोवेव्ह दुसऱ्या बाजूला. पहिल्या ढिगातले सामान गावातल्या मिस्त्रीकडे द्यावे आणि शिकायची इच्छा असलेल्या मुलाला त्याच्या शेजारी बसवावे. दुसऱ्या ढिगातले सामान फोडू नये आणि फोडणाऱ्यालाही देऊ नये. उत्पादकाच्या सेवा केंद्राला किंवा नोंदणीकृत संकलकाला फोन करून ते अख्खे त्यांच्या ताब्यात द्यावे.