आवाज मोठा, बोल अस्पष्ट

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत एक जुना रेडिओ होता. चामडी कव्हरचा, तीन बँडचा, चार मोठ्या सेलवर चालणारा. ८६ वर्षांच्या बाबांनी गेल्या पावसाळ्यात त्याची आठवण काढली. टीव्ही त्यांनी दोन वर्षांपासून सोडला आहे. ‘सगळे एकदमच बोलतेत,’ ही त्यांची तक्रार. मोबाइलवर गाणी लावून दिली तर तो उशाखाली ठेवून देतात. रेडिओ मात्र हवा होता, आणि तोच रेडिओ हवा होता.

मी १९८९ साली बारावीची परीक्षा दिली, ती या रेडिओच्या सोबतीने. आदल्याच वर्षी आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी नागपूरच्या प्रक्षेपकावरून सुरू झाली होती. पुढे इंटर्नशिपच्या काळात एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे संध्याकाळी बसून मी रेडिओ दुरुस्ती शिकले. मुलीने, तेही डॉक्टर होणाऱ्या मुलीने, हातात सोल्डरिंगची इस्तरी धरावी याचे त्यांना सुरुवातीला फार नवल वाटले. नंतर त्यांनी मला एकच गोष्ट शंभरदा बजावली: ‘आवाज कुठं मरतो ते आधी शोधायचं. तोवर कुठल्याही स्क्रूला हात लावायचा नाही.’ आम्हाला वॉर्डात तपासणीबद्दल हेच शिकवत होते. फक्त तिथे हे सांगायला जास्त वेळ लागत असे.

तर रेडिओ यवतमाळला आणला. सेलच्या खान्यात पांढरा-हिरवा थर साचलेला होता. जुन्या साध्या सेलमधला अमोनियम क्लोराइड आणि झिंक क्लोराइडचा मसाला बाहेर येऊन पितळेच्या पट्ट्या खातो, त्याचा हा रंग. तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. हल्लीच्या अल्कलाइन सेलची गळती मात्र वेगळी. त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, ते थोड्या व्हिनेगरने पुसावे आणि डोळ्याजवळ मुळीच नेऊ नये. डोळ्यात गेलेच तर निदान पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि मग दवाखाना गाठावा. आधी दवाखाना शोधत बसू नये. सोल्डर करताना उठणारा धूर राळेचा असतो. दमेकऱ्यांना त्याचा त्रास होतो आणि धडधाकट माणसालाही रोजच्या कामातून दमा जडू शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी. सोल्डरमध्ये शिसे असते. ते दातात धरायची मेकॅनिक मंडळींची सवय वाईट, आणि हात न धुता चहा घ्यायची त्याहून वाईट.

कंडेन्सर वाळले होते, ते बदलले. इथे एक खाच आहे. १९६०-७०च्या दशकांतले बरेच ट्रान्झिस्टर रेडिओ पीएनपी जर्मेनियमचे, म्हणजे त्यांच्यात बॅटरीची धन बाजू ‘ग्राउंड’ असते. आजच्या सवयीने कंडेन्सर बसवले तर सगळे उलटे बसतात.

तरी रेडिओ मुकाच होता. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हर लावला की स्पीकरमधून खरखर ऐकू येई. म्हणजे तिथपासून स्पीकरपर्यंतचा मार्ग ठीक. एखाद्याचा हात हलेनासा झाला तर दोष मेंदूत, मज्जारज्जूत, नसेत की स्नायूत हे असेच टप्प्याटप्प्याने शोधतात. मागे मागे जात मी एएफ ११७ या ट्रान्झिस्टरपाशी पोचले आणि हसू आले. या जातीचा आजार प्रसिद्ध आहे. त्याच्या धातूच्या टोपणाला आतून कथलाचा मुलामा असतो. त्या मुलाम्यातून वर्षानुवर्षे कथलाचे सूक्ष्म केस उगवतात, आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि वाढत वाढत आतल्या तारांना टेकतात. झाले शॉर्ट. वापरात नसलेल्या, पेटीत नुसत्या पडलेल्या ट्रान्झिस्टरमध्येही हे होते.

डॉक्टर म्हणून हे केस मला आधीच ठाऊक असायला हवे होते. पेसमेकरसारख्या उपकरणांत अशाच केसांमुळे बिघाड होतात, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८६ मध्ये आपल्या तपासनिसांसाठी त्यावर खास टिपण काढले होते. रेडिओ बंद पडला तर शांतता होते. पेसमेकरचे तसे नाही.

एएफ ११७ ला चार पाय असतात. चौथा फक्त टोपणाला जोडलेला. तो कापला की बहुतेकदा ट्रान्झिस्टर पुन्हा चालू लागतो. मी कापला, आणि नागपूर बोलू लागले. पण बोलले चुकीच्या घरातून. आकाशवाणी नागपूर ‘अ’ केंद्राची जागा मध्यमलहरींवर ५८५ किलोहर्ट्‌झ; माझ्या रेडिओच्या पट्टीवर ती ६५०च्या आसपास लागत होती, आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा. आत पाहिले तर सगळ्या स्क्रूंवरचे मेण तुटलेले. कधीतरी कुणीतरी, बहुधा रेडिओ मुका झाल्यावर, हाताला लागतील ते स्क्रू फिरवले होते. मूळ आजार एक, आणि उपचारांनी लावलेला दुसरा!

या स्क्रूंचे काम थोडक्यात सांगते. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९१८ मध्ये काढलेली युक्ती जवळपास प्रत्येक रेडिओत आहे. प्रत्येक केंद्रासाठी वेगळी गाळणी करत बसण्याऐवजी, रेडिओ स्वतःच आत एक लहर निर्माण करतो आणि येणाऱ्या लहरीत मिसळतो. दोघींतला फरक नेहमी एकच राहील अशी व्यवस्था असते. आपल्याकडच्या रेडिओत तो साधारण ४५५ किलोहर्ट्‌झ. नागपूरचे ५८५ लावले की आतली लहर १०४० ला चालते. मग पुढच्या सगळ्या गाळण्या फक्त ४५५ साठी पक्क्या जुळवून ठेवता येतात. या गाळण्या म्हणजे ते छोटे चौकोनी डबे, मेकॅनिकच्या भाषेत आयएफटी. जुळवणी म्हणजे आधी हे डबे ४५५ वर आणायचे, मग आतली लहर पट्टीवरच्या आकड्यांशी बसवायची, आणि शेवटी अँटेनाची बाजू.

धातूचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. तो जवळ नेला की जुळवणी बदलते, काढला की पुन्हा बदलते. मी स्वेटर विणायची प्लास्टिकची सुई टोकाला घासून वापरते. डब्यातला फेराईटचा गाभा मेणाने घट्ट बसलेला असतो. जोर केला की तडकतो आणि डबा कायमचा जातो, म्हणून आधी केस वाळवायच्या यंत्राने हलकी ऊब द्यायची. आणि जोडलेला सिग्नल अगदी क्षीण हवा. रेडिओत एजीसी नावाची सोय असते. सिग्नल वाढला की ती आतली ताकद आपोआप कमी करते, त्यामुळे मोठ्या सिग्नलवर स्क्रू कसाही फिरवा, आवाज सारखाच वाटतो. तरुण रुग्णाच्या पोटात रक्तस्राव होत असतो आणि रक्तदाब बराच वेळ ठीक दिसतो, तसे हे. शरीर सांभाळून घेते, आणि आपण फसतो.

खालच्या टोकाला, ६०० च्या आसपास, कॉइलचा गाभा फिरवायचा. वरच्या टोकाला, १४०० जवळ, ट्रिमर. एक लावले की दुसरे थोडे हलते. म्हणून खाली-वर, खाली-वर, चार-पाच फेऱ्या. मग फेराईट रॉडवरची कॉइल तसूतसूने सरकवून सर्वांत जास्त आवाजाची जागा शोधायची आणि मेणाने चिकटवायची. शेजारपाजारचे एलईडी दिवे आणि चार्जर मध्यमलहरींवर इतकी घरघर सोडतात की हे काम मी वीज गेल्यावर, विजेरीच्या उजेडात उरकले. भारनियमनाबद्दल एवढा एकच चांगला शब्द माझ्याकडे आहे. शॉर्टवेव्हचे दोन्ही बँडही लावले. ज्या बीबीसी हिंदीसाठी बाबा ते लावत, तिचे शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी २०२० च्या अखेरीस थांबले.

प्रत्येक डबा मी मीटर पाहून अगदी शिखरावर आणला होता. काटा याहून वर जाणे शक्य नव्हते. दीडशे किलोमीटरवरचे नागपूर खणखणीत लागत होते. रविवारी रेडिओ घरी नेला, बाबांच्या उशाशी ठेवला, सुरू केला. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग म्हणाले, ‘रेडिओ त मोठ्यानं बोलते, माय. पन काय बोलते थे समजत नाई.’

मी रेडिओ उघडून पुन्हा तपासायला बसले, हे कबूल करायला हवे. तासभर. कापसाचे भाव चालले होते. बाबांनी विचारले, ‘सात म्हनला का आठ?’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘सात’ आणि ‘आठ’ यांतला ‘आ’ एकच आहे. वेगळी आहेत ती व्यंजने. ‘सगळे एकदमच बोलतेत’ हे वाक्य मी दोन वर्षे ऐकत होते, आणि ते टीव्हीबद्दल आहे असे समजत होते. एवढ्या वर्षांत मी हजारो कानांत पाहिले असेल. वडिलांच्या कानात पाहिले नव्हते.

पाहिले तर उजव्या कानात मळाचा खडा. तो निघाल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात श्रवणचाचणी करून घेतली. जाड, खर्जातले आवाज बाबांना ठीक ऐकू येत होते. १००० हर्ट्‌झच्या पुढे रेघ खाली उतरू लागली आणि ४००० ला पार तळाला गेली. वयोमानाने येणारा बहिरेपणा साधारण असाच येतो. अंतर्कर्णातल्या शंखाच्या तोंडाशी असलेल्या रोमपेशी बारीक, उंच आवाज टिपतात आणि त्याच आधी झिजतात. गेलेल्या परत येत नाहीत. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, श, फ, ठ यांची ओळख पटवणारा भाग वरच्या पट्टीत, तो हरवतो. म्हणून माणूस ‘ऐकू येत नाही’ असे म्हणतच नाही. ‘तुम्ही पुटपुटता’, ‘नीट बोला’ असे म्हणतो, आणि मोठ्याने बोललो की ‘ओरडू नकोस’ म्हणतो. तिन्ही तक्रारी खऱ्या असतात.

आता रेडिओकडे परत. मध्यमलहरींवर दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्‌झचे अंतर, म्हणजे बोलण्यातला बारीक भाग पोचायला मुळात जागा थोडी. त्यात सगळे डबे एकाच टोकदार शिखरावर आणले की गाळणी आणखी अरुंद होते आणि आवाजाची वरची बाजू छाटली जाते. दूरचे, क्षीण केंद्र पकडायला ते बरोबर. नागपूरला त्याची गरजच नव्हती. जो भाग बाबांच्या कानात आधीच अपुरा पोचत होता, तोच मी मीटरच्या नादात आणखी कापला होता.

विणायची सुई पुन्हा काढली. एक डबा ४५५ च्या किंचित वर, दुसरा किंचित खाली. काटा चांगलाच उतरला. घरघर थोडी वाढली. बाबा पलंगावरून म्हणाले, ‘आता आठ म्हनला.’ बरोबर होते.

श्रवणयंत्राला ते आधी नाही म्हणाले. चष्मा चाळिशीपासून आहे, दात बसवून घेतले, पण कानाचे यंत्र म्हणजे म्हातारपण, असे बहुतेकांना वाटते. मी घाबरवले नाही. मात्र स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ पासून श्रवणदोष धरला आहे, हे मला माहीत होते, आणि बोलणे कळत नाही म्हणून माणूस पारावर जाणे सोडतो, हे तर घरातच दिसत होते. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००६-०७ पासून आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. तपासणी दुखत नाही. कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बोट वर करायचे. साठीनंतर एकदा करून घ्यावीच, आणि घरातला टीव्ही इतरांना कर्कश वाटू लागला असेल तर त्याआधी. अचानक, एक-दोन दिवसांत एका कानाने ऐकू येईनासे झाले तर मात्र वाट पाहू नका. ती तातडीची बाब आहे.

बाबा शेवटी यंत्राला तयार झाले, ते कापसाच्या भावांसाठी. आता त्यांची नवी तक्रार अशी की यंत्र शिट्टी मारते. कानातला साचा सैल बसला असावा. यंत्राचा आवाज बाहेर निसटून पुन्हा त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतो, तेव्हा असे होते. त्यांना वाटते की रेडिओच बिघडला आहे. बुधवारी दोघांनाही, बाबांना आणि यंत्राला, यवतमाळला घेऊन यायचे आहे.