बिक्वीद म्हणजे काय? मृत्युपत्रातल्या ‘देण्या’चा अर्थ, उच्चार आणि वापर

इंग्रजीत ‘देणे’ यासाठी गिव्ह हा सोपा शब्द आहे. तरीही इंग्रजी मृत्युपत्रात ‘आय गिव्ह अँड बिक्वीद’ असे का लिहितात? यातला बिक्वीद हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. तो वाचून ‘घर आपल्या नावावर झाले’ असा समज अनेकांचा होऊ शकतो. प्रत्यक्षात तसे नसते.

अर्थ आणि उच्चार

बिक्वीद म्हणजे आपल्या मृत्यूनंतर एखादी वस्तू किंवा मालमत्ता कोणाला मिळावी, हे मृत्युपत्राने ठरवून देणे. स्पेलिंग बी, ई, क्यू, यू, ई, ए, टी, एच असे आहे. उच्चार करताना जोर ‘क्वी’वर द्यायचा. अशा देण्याला बिक्वेस्ट म्हणतात.

जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी ‘बोलणे, सांगणे’ हा अर्थ होता. म्हणजे हे मुळात सांगून ठेवलेले देणे!

कुठे कोणता शब्द वापरायचा?

• वाढदिवसाला घड्याळ दिले: गिव्ह किंवा गिफ्ट
• संस्थेला देणगी दिली: डोनेट
• विद्यापीठाने पदवी बहाल केली: कन्फर
• मृत्युपत्राने दागिने दिले: बिक्वीद

उदाहरण: ‘शी बिक्वीद्ड हर ज्वेलरी टू हर ग्रँडडॉटर.’ म्हणजे तिने आपले दागिने मृत्युपत्राद्वारे नातीला दिले. नातीच्या बाजूने सांगायचे तर क्रियापद बदलते. तिला ते वारशाने मिळाले, म्हणजे ती इनहेरिट करते.

एक प्रसिद्ध बिक्वेस्ट

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी १८२६ मध्ये मृत्युपत्र केले. पुतण्या निपुत्रिक वारला तर संपत्ती अमेरिकेला मिळावी आणि तिथे ज्ञानप्रसारासाठी संस्था उभी राहावी, असे त्यात होते. स्मिथसन १८२९ मध्ये वारले, पुतण्या १८३५ मध्ये. पुढे १८४६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. विशेष म्हणजे स्मिथसन स्वतः कधीच अमेरिकेत गेले नव्हते.

हा फरक का महत्त्वाचा?

बक्षीसपत्राने दिलेली मालमत्ता देणाऱ्याच्या हयातीतच दुसऱ्याची होते. घर किंवा जमीन अशी द्यायची असेल तर बक्षीसपत्राची नोंदणी करावी लागते. बिक्वीद केलेली मालमत्ता मात्र शेवटपर्यंत मूळ मालकाचीच राहते. तो ती विकू शकतो, मृत्युपत्र बदलू किंवा रद्दही करू शकतो. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार सर्वसाधारण मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी मात्र सक्तीची नाही.

त्यामुळे कागदावर बिक्वीद दिसले, तर आज हातात काही आलेले नाही, हे आधी लक्षात घ्यावे. आणि ज्याला हयातीतच द्यायचे आहे, त्याने हा शब्द वापरू नये.