हसवणारे चित्रकार

व्यंगचित्रकार म्हणजे चित्र काढून हसवणारा माणूस. शि. द. फडणीस हे असेच मोठे व्यंगचित्रकार. त्यांचा जन्म २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावी झाला. मुंबईला जे. जे. मध्ये ते चित्रकला शिकले.

१९५२ साली 'मोहिनी' मासिकावर त्यांचे चित्र आले. बाईच्या साडीवर मांजरं आणि शेजारच्या माणसाच्या सदऱ्यावर उंदीर! खाली एकही शब्द नाही, तरी हसू येतं.

हे काम नोकरीसारखे नसते. दरमहा पगार नाही. मासिकवाल्यांनी चित्र घेतले तरच पैसे. आधी गंमत सुचावी लागते, मग ती कागदावर काढायची. दिवाळी अंकाचे चित्र दिवाळीच्या कितीतरी आधी द्यावे लागते. उशीर झाला तर अंक थोडाच थांबतो?

फडणीसांनी शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही चित्रे काढली. चित्र बघून गणित लवकर समजतं.

माझ्या आजीला वाचता येत नाही. तिला मी मांजर-उंदराचे चित्र काढून दाखवले. ती पोट धरून हसली. शब्द नसलेले चित्र सगळ्यांनाच वाचता येते. खाली ते लावले आहे. आईवडिलांनाही दाखवा.